गुरुवारचा रतीब

ती. आई-नानांस,
सा. नमस्कार.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तरी नाना, तुम्ही वाचू नका. आई वाचून दाखवेल. डोळ्याच्या ऑपरेशनला अजून महिनासुद्धा झालेला नाही.

आई, आधी मुख्य ते सांगून टाकते, नाहीतर तू शेवटचं पान आधी उघडशील. मी नोकरी सोडली. 31 मार्च शेवटचा दिवस होता. फोनवर बोलले नाही, कारण फोनवर तू नुसतं "बरं" म्हणतेस आणि मग दोन दिवस धड जेवत नाहीस. कोणी काढलं नाही, भांडणही झालं नाही. साहेबांनी निरोपाला पेढे आणले होते.

तुम्हाला वाटतं, पोर मोबाईलवर गोष्टी टाकते. आहे तसंच. पण आई, तू सोळा वर्षं दुधाचा रतीब घातलास, तुला हे नानांच्या आधी कळेल. माझाही रतीबच आहे. दर गुरुवारी रात्री नऊला कादंबरीचा एक भाग, महिन्याला 99 रुपये, घरं 412. साइटवाल्यांचे दहा टक्के, पैसे वळते करणाऱ्यांचे दोन टक्के आणि त्यावरचा जीएसटी जाऊन साधारण 35,700 हातात पडतात. पगार 46,000 होता. कमी आहे, लपवत नाही. पण भाडं, डबा, विमा सगळं 24,000 मध्ये बसतं. सहा महिन्यांचा खर्च वेगळा काढून ठेवलाय आणि मुद्रितं तपासायचं काम घरी येतं. तू दिलेलं कळण्याचं पीठ अजून पुरतंय. जेवणाची काळजी करू नकोस.

नाना म्हणतील, हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये "करमणूक" काढलं, दर आठवड्याला कादंबरी क्रमशः छापली, आणि तरी आनंदाश्रम संस्थेचं काम सांभाळलंच की! माहीत आहे. पारोळ्यात जन्मलेल्या माणसाचं उदाहरण तुम्ही मला पाचवीपासून देताय. पण हरिभाऊंच्या वर्गणीदाराच्या खिशात घंटी वाजत नव्हती. आता रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, खात्यातून आपोआप पैसे कापायचे तर किमान 24 तास आधी कळवायचं. नियम चांगला आहे, मी गिऱ्हाईक असते तर मलाही तो हवाच होता. पण तो मेसेज आला की माणसाला आठवतं, अरे, हे चालूच आहे होय! आणि एका बोटात रतीब बंद. दर महिन्याला तीसेक जातात, तीसेक नवे येतात. नव्यांना मागचे चाळीस भाग वाचून यावं लागतं, ते कंटाळतात. म्हणून पहिले पाच फुकट ठेवलेत.

दुसरी गंमत मावशीच्या ग्रुपवर बघ. एकीने पैसे भरले आणि भागाचे फोटो काढून साठजणींना पाठवले. वर मलाच फोन, "काय छान लिहितेस गं!" रागावू कोणावर? आपल्याकडेही एक दिवाळी अंक अख्ख्या गल्लीत फिरायचा.

खरी भीती वेगळीच आहे. गोष्ट संपली की वर्गणी संपते. त्यामुळे ती संपवूच नये असं वाटायला लागतं. मागच्या महिन्यात मी एक लग्न तीन भाग लांबवलं. चौथ्या भागाला बसले आणि तू आठवलीस. उन्हाळ्यात म्हैस आटली तर तू चार घरं सोडलीस, पण दुधात पाणी घातलं नाहीस. लग्न त्याच रात्री लावून टाकलं.

भाऊ सांगेलच, ॲमेझॉननेसुद्धा अमेरिकेत भागाभागाच्या कथांसाठी काढलेलं किंडल वेला फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केलं. खरं आहे. म्हणून वाचकांचे ईमेल मी स्वतःच्या वहीत उतरवून ठेवते. उद्या साइट बुडाली तरी घरं माझ्याकडे राहतील.

आता जे लिहायचं टाळत होते ते. नानांचं ऑपरेशन गुरुवारी होतं. धुळ्याला पोहोचायला मला एक रात्र पुरली असती. पण भाग अर्धा होता, ऑफिस सातला सुटलं, आणि मी खाडा पडू दिला नाही. नऊला भाग टाकून फोन केला, तर डोळ्याला पट्टी बांधलेले नाना विचारतात, "भाग गेला का?" त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तुला ताप होता तेव्हा तू किटल्या सायकलला लावून मला पाठवलं होतंस, आठवतं? अर्ध्या वाटेत सांडलं म्हणून मी देवळामागे रडत बसले. तू रागावली नाहीस. कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने खाडा मांडलास आणि मला साखर-पोळी दिलीस. नोकरी सोडली ती त्या गुरुवारसाठी, असं मी सगळ्यांना सांगते. पूर्ण खरं नाही, मला लिहायचंच होतं. पण आता चार भाग पुढचे तयार असतात. आखाजीला दहा दिवस येते आहे. वाचकांना एका आठवड्याचा खाडा आधीच कळवलाय, अकरा घरं गेली. जाऊ देत.

आता ऐका. नाना, थेंब दिवसातून चार वेळा, विसरलो म्हणायचं नाही. बादली उचलायची नाही. काळा चष्मा लाजून खिशात ठेवू नका. आई, यंदा बिबडे गच्चीवर घालायचे नाहीत, तुझे गुडघे मला माहीत आहेत. मी आल्यावर घालू. शेजारच्या काकूंना नोकरीचं आताच सांगू नकोस, मी आल्यावर सांगीन. आणि गोष्टीतल्या तिखट आजीत तुला तू दिसलीस तर राग धरू नकोस, वाचकांना तीच सगळ्यांत आवडते.

तुमची,
पोर

ता. क. नाना, सहा वर्गण्या एकाच खात्यातून येतात ते मला दिसतं. आबांच्या आणि मास्तरांच्या नावाने तुम्हीच भरताय. 594 रुपयांत तुमचे थेंब येतील. नातवाकडून पाच बंद करून घ्या. आईच्या नावाची राहू द्या.