विमानातले देव बघे होते, कारागीर नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात थोरली मुलगी आणि जावई पुण्याहून आले होते. रविवारी सगळे मिळून वेरूळला गेलो. आम्ही खुलताबादचे, घाट उतरला की वेरूळ, त्यामुळे आमच्या घरी पाहुणा आला की कैलास लेणं, म्हणजे डोंगर कोरून काढलेलं ते देऊळ, ठरलेलं. आतल्या चौकात दगडी हत्तीपाशी टेकलो होतो. जावईबापूंनी मोबाइल पुढे केला आणि म्हणाले, "मामा, हे बघा. हे माणसाचं काम नाहीच म्हणतात." व्हिडिओत एक इसम याच चौकात उभा राहून सांगत होता, की चार लाख टन दगड, अठरा वर्षं, रोज बारा तास, म्हणजे तासाला पाच टन, छिन्नी-हातोड्याने हे अशक्य, तेव्हा परग्रहावरून आलेल्यांकडे दगड वितळवणारं यंत्र असणार. खाली लाखो लोकांनी बघितल्याचा आकडा. शेजारून एक वाटाड्या दिल्लीकडच्या मंडळींना जवळपास तेच ऐकवत चालला होता. त्याला मी दोष देत नाही. ते करवणारे राष्ट्रकूट राजे म्हटलं की लोक जांभया देतात, एलियन म्हटलं की हात खिशाकडे जातो.

मी जावयांना काही बोललो नाही. जावई म्हणजे जावई. पण आमची ही डबा सोडता सोडता म्हणाली, "मग त्यांच्या बायका भाकरी घेऊन कुठून येत होत्या?"

तिच्या त्या प्रश्नामुळेच हे पत्र लिहायला बसलो. आम्ही पाथरवट. माझे वडील पाटे-वरवंटे, जाती, उखळं घडवायचे आणि ते काम नसेल तेव्हा खाणीवर जायचे. आई गावोगाव "जात्याला टाकी लावायची का" म्हणत फिरायची. ही लग्न होऊन आली तेव्हा पहिली दोन वर्षं डोक्यावर भाकरीचं गाठोडं आणि कडेवर मूल घेऊन खाणीवर जायची. मी शाळा शिकलो, सरकारी नोकरी केली, आता निवृत्त आहे. पण आठव्या वर्षापासून भाता मी ओढला आहे. त्यामुळे दगडाबद्दल बोलायचा थोडा हक्क माझ्याकडे आहे असं समजतो.

आधी हिशोब. तासाला पाच टन ऐकून छाती दडपते, कारण एक यंत्र खडखडत पाच टन उपसतंय असं चित्र डोळ्यांपुढे येतं. तिथे पाचशे माणसं बसवा. माणशी तासाला दहा किलो. काळा दगड वजनाला जड. दोन विटांच्या आकाराचा तुकडा दहा किलो भरतो. म्हणजे एका माणसाने तासाभरात दोन विटांएवढा दगड काढायचा. यासाठी परग्रह लागत नाही, ज्वारी लागते. आणि चार लाख टन हाही फुगवलेला आकडा. बरेच अभ्यासक दोन लाख टनांच्या आसपास सांगतात. अठरा वर्षं हा काळही राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीवरून धरलेला. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी या लेण्याचा बारकाईने अभ्यास केला. मुख्य मंदिर कृष्णाच्या काळातलं, पण आवारातला काही भाग त्याच्या नंतरच्या राजांचा, असं त्यांचं मत होतं. एका माणसाचे दिवसाला चार घनफूट धरले तर अडीचशे माणसांना साडेपाच वर्षं पुरतात, असा त्यांचा अंदाज. चार घनफूट ऐकून माझे वडील हसले असते. बरं, दोन धरा. अकरा वर्षं.

शिवाय सगळा दगड काही कण कण करून काढायचा नसतो. वडील कोऱ्या खडकावर आधी पाणी ओतायचे आणि बिडी पेटवून बसून राहायचे. मला वाटायचं, विश्रांती घेताहेत. उन्हात वरचं पाणी वाळून जायचं आणि मग खडकावर एक काळी ओली रेघ तेवढी उरायची. ती दगडाची नस. डोळ्याला एरवी न दिसणारी चीर पाणी धरून ठेवते. त्या रेघेवर वीतभर अंतराने खाचा घ्यायच्या, खाचांत पाचरी ठोकायच्या, एकेक ठोका आळीपाळीने, घाई न करता. चौथ्या-पाचव्या फेरीला आवाज बदलतो. खणखण वाजणारा दगड एकदम 'बद्द' बोलतो, आणि माणसाच्या छातीएवढा तुकडा स्वतःहून सुटतो. आपण फक्त बाजूला व्हायचं.

खरा वेळ जातो तो छिन्नीत. आमच्या काळ्या दगडावर छिन्नी तासा-दोन तासांत बोथट होते. मग ती भट्टीत लाल करायची, ठोकून धार काढायची, टोक पाण्यात बुडवायचं, बाहेर काढून विटेच्या तुकड्यावर घासायचं आणि बघत बसायचं. मागची ऊब टोकाकडे सरकते तसा रंग चढतो: आधी गव्हाळ, मग जांभळट, मग निळा. गव्हाळ सरून जांभळट यायच्या बेताला पुन्हा पाण्यात. क्षणभर उशीर झाला तर छिन्नी मऊ पडते, घाई केली तर पहिल्याच ठोक्याला टवका उडतो. याला 'पाणी देणं' म्हणतात. दिवसभर छिन्नी चालवणाऱ्या दहा माणसांमागे एक भाता आणि एक शहाणा लोहार तरी हवाच. म्हणून कैलास बघताना मला पाचशे पाथरवटांआधी पन्नास भाते दिसतात, कोळशाच्या गोणी दिसतात, पखाली दिसतात आणि हिचं भाकरीचं गाठोडं दिसतं. व्हिडिओवाल्याला यातलं काहीच दिसत नाही, म्हणून त्याला वितळवणारं यंत्र घालावं लागतं.

परत जाल तेव्हा चौकाच्या मागच्या अंगाला उंच कड्याकडे बघा, जिथे मूर्ती नाहीत, नुसता कापलेला खडक आहे. तिथे टाकीचे घाव आहेत, ओळीने, शेजारी शेजारी. वितळलेल्या दगडावर असे घाव कुठून येतील? तिथे बोट लावून बघायची माझी सवय आहे. (रखवालदार ओरडतो, आणि त्याचं बरोबरच आहे.)

मग ते सांगतात, औरंगजेबाने हजार माणसं तीन वर्षं लावली तरी हे लेणं फुटलं नाही. ज्या हत्तीच्या सावलीत बसून आम्ही हा व्हिडिओ बघत होतो त्याचीच सोंड तुटलेली आहे. ती कोणी, कधी तोडली हा वेगळा विषय. पण फुटत नाही हे त्या हत्तीपाशी उभं राहून म्हणायला धाडस लागतं. बारीक बिळांतून फक्त बुटके परग्रहवासीच जाऊ शकत, असंही एक आहे. अहो, एवढ्या मोठ्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी साठेल, तर मोऱ्या नकोत? आणि दगड गेला कुठे, या प्रश्नावर तर सगळे गप्प होतात म्हणे. कुठल्याही गावची पडकी गढी बघा. शंभर वर्षांत तिचे दगड कोणाच्या जोत्यात, कोणाच्या विहिरीत, कोणाच्या बांधावर जातात. फुकटचा घडवता येणारा दगड बाराशे वर्षं कोण ठेवील?

हे खूळ आपल्याकडे उगवलेलं नाही. १९६८ साली स्वित्झर्लंडमधल्या एका हॉटेल व्यवस्थापकाने पुस्तक काढलं, की जुन्या लोकांच्या मोठ्या बांधकामांमागे अंतराळातून आलेले पाहुणे होते. पुस्तक तुफान खपलं. तेव्हापासून पिरॅमिड झाले, पेरूच्या पठारावरच्या रेघा झाल्या, आता आपली पाळी. एकदा सांगितलं की मग लोकांना तेच दिसू लागतं. १९४७ साली अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकाने रेनियर पर्वताजवळ नऊ चमकत्या वस्तू पाहिल्या. पाण्यावरून भिरकावलेली बशी टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, असं त्याने सांगितलं. वर्तमानपत्रांनी चालीची बशी उचलून आकाराला लावली, आणि पुढे लोकांना आकाशात बशाच दिसू लागल्या. संपादक महोदय, राग मानू नका, पण उडती तबकडी आपल्याच धंद्यातल्या कोणीतरी घडवली आहे.

आकाशातून काही पडतच नाही, असं माझं म्हणणं नाही. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भात लोकांनी जळते लोळ जाताना बघितले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला आठ-दहा फुटी धातूचं कडं येऊन पडलं, जवळच्या पवनपारला गोळा सापडला. गावकऱ्यांनी काय काय नाही म्हटलं! पण ते पोलीस ठाण्यात ठेवलं गेलं, इस्रोची माणसं येऊन बघून गेली, कक्षांचा हिशोब ठेवणाऱ्यांनी चिनी रॉकेटच्या टप्प्याकडे बोट दाखवलं. खरी वस्तू अशी असते. ती वजनाला भरते, ठाण्यात ठेवता येते. वेरूळला एवढं मोठं काम करून गेलेल्यांचा एक स्क्रूसुद्धा मागे राहू नये?

मला सगळ्यात जास्त लागतं ते नावाचं. आमच्याच जिल्ह्यात, कन्नड तालुक्यात, पितळखोऱ्याच्या लेण्यात सापडलेल्या एका यक्षाच्या हातावर कोरलेलं आहे की ही मूर्ती कान्हदास सोनाराने केली. इसवी सनाच्या आधीची गोष्ट. बदामीजवळ पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरावर गुंड अनिवारिताचारी नावाच्या सूत्रधाराचं, म्हणजे मुख्य स्थपतीचं, नाव कोरलेलं आहे. कैलासचा आराखडा त्या मंदिराशी मिळताजुळता आहे, हे अभ्यासक सांगतात. म्हणजे वेरूळचे कारागीर आकाशातून पडले नव्हते. त्यांच्यामागे भाजे, कार्ले, पितळखोऱ्यापासून आठ-नऊशे वर्षांचं डोंगर कोरणं होतं. पण कैलासवर कोणाचं नाव नाही. लोककथेत मात्र आहे: राणीने शिखर दिसेपर्यंत अन्न सोडलं आणि पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने वरून खाली कोरत आठवड्यात तिला शिखर दाखवलं, असं कृष्ण याज्ञवल्कीच्या कथाकल्पतरू या जुन्या मराठी ग्रंथात येतं. कथा असेल, पण कथेतसुद्धा करणारा पैठणचा आहे.

आणि शेवटी ताम्रपट. बडोद्याला सापडलेला, गुजरातच्या राष्ट्रकूट शाखेतल्या कर्कराजाचा, शके ७३४, म्हणजे इसवी सन ८१२. त्यातलं एलापूर म्हणजे आपलं वेरूळ, हे रा. गो. भांडारकरांनी दाखवून दिलं. त्यात म्हटलं आहे, कृष्णराजाने एलापूरच्या डोंगरावर असं अद्भुत देऊळ करवलं, की विमानातून जाणारे देव ते बघून थक्क झाले आणि म्हणाले, हे स्वयंभूच असणार, हाताने केलेल्या वस्तूला अशी शोभा येत नाही. आणि ज्या शिल्प्याने ते केलं, त्याला पुन्हा तसं दुसरं जमेना, तेव्हा तो स्वतःच चकित होऊन म्हणाला, अरे, हे मी केलं तरी कसं!

जावईबापूंना मी हे घरी आल्यावर, जेवणं झाल्यावर वाचून दाखवलं. "विमान आहे की मामा!" म्हणून ते हसले. आहे ना. पण त्यातले पाहुणे वरून बघत होते. माणसाच्या हातून हे होणार नाही, असं त्यांनाही वाटलं होतं. हातात छिन्नी होती ती खाली उभ्या असलेल्याच्या, आणि त्याला आपलं काम बघून धाप लागली होती.

म्हणून आपल्या पत्राद्वारे संबंधितांना एवढीच विनंती, की ताम्रपटातला हा मजकूर मराठीत आणि हिंदीत करून कैलासच्या दाराशी एका फलकावर लावावा आणि सोबत एका लहानशा काचपेटीत पाथरवटाची हत्यारं मांडावीत, म्हणजे वाटाड्यांनाही सांगायला काहीतरी मिळेल. हत्यारांसाठी टेंडर काढायची गरज नाही. वडिलांची सुतकी (दगड फोडायचा हातोडा), दोन पाचरी आणि चार छिन्न्या माझ्याकडे आहेत, त्या मी देतो. त्यातली एक त्यांनी घेतली तेव्हा चौदा इंचांची होती. धार काढून काढून आता नऊ उरली आहे.

आपला,
एक वाचक, खुलताबाद