दोन काटे

सनीव्हेल, रविवार

प्रिय मंद्या,

सप्रेम नमस्कार.

बिअरच्या केगला, म्हणजे दाबाखाली बिअर ठेवायच्या पिंपाला, लावायच्या तुझ्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा फोटो पाहिला. पाच पौंडी, ॲल्युमिनियमचा, म्हणजे दहाएक केगांना पुरेसा. तू दोन गोष्टी विचारल्यास: हा घरीच भरता येईल का, आणि गेजचा, म्हणजे दाबमापकाचा, काटा आठ दिवस जागचा हलला नाही म्हणजे गेज बिघडलाय का. दुसरीपासून सुरू करतो.

गेज ठीक आहे. आत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो, आपल्या घरच्या एलपीजीसारखा. तळाशी थोडासा द्रव असेपर्यंत वरचा दाब फक्त तापमानावर ठरतो: 20 अंश सेल्सिअसला सुमारे 800 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं माप), फ्रीजमध्ये 4 अंशांना साधारण 550. तापमान तेच असताना काटा खाली सरकू लागला की द्रव संपला आणि आत फक्त वायू उरला. तेव्हा किती उरलंय ते वजनकाट्याला विचार. घरी सिलिंडरवाल्याला ताणकाटा लावायला सांगतात ना, तोच प्रकार. सिलिंडरच्या खांद्यावर ‘टीडब्ल्यू’च्या (टेअर वेट) पुढे रिकामं वजन कोरलेलं असतं. समजा 7.7 पौंड असेल, तर भरल्यावर रेग्युलेटर काढून 12.7 भरलं पाहिजे.

भरायचं गणितही वजनाचंच. सिलिंडरात जेवढं पाणी मावतं, त्याच्या वजनाच्या 68 टक्केच गॅस भरायचा. उरलेली जागा द्रवाला फुगायला हवी असते. ती खाल्ली आणि सिलिंडर उन्हात गाडीत राहिला, तर दाब झपाट्याने चढतो आणि 3000 पीएसआयच्या आसपास व्हॉल्व्हवरची सुरक्षा-चकती फुटते. चकती फुटली म्हणजे ती तिचं काम करते, पण सगळा गॅस मिनिटभरात गाडीत आणि तूही गाडीत!

काही लोक मोठ्या सायफन-सिलिंडरमधून (आतली नळी तळाचा द्रव वर आणते असा) नळी लावून लहान सिलिंडर भरतात. माझं मत विचारशील तर नको. दोन बंद व्हॉल्व्हमध्ये द्रव अडकला की नळी फुटते, आणि वजनकाटा अर्ध्या पौंडाने चुकला तरी वरची जागा गेलीच. व्हॉल्व्ह काढून ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) कोंबणं हा तर निव्वळ मूर्खपणा. वेल्डिंग गॅसच्या दुकानात जा, बेव्हरेज ग्रेड, म्हणजे पेयांसाठीचा गॅस, माग, समोर काट्यावर ठेवून भरायला सांग. खांद्यावर हायड्रो टेस्टचा (पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीचा) महिना-वर्ष असतो. त्याला पाच वर्षं उलटली असतील तर दुकानदार परत पाठवेल, आणि ते बरोबरच आहे. बदलीत सिलिंडर घेतलास तर तुझा चकचकीत जाऊन पोचे पडलेला पदरी येतो, पण टेस्टची कटकट मिटते.

आणताना उभा, पट्ट्याने बांधलेला, खिडकी उघडी. वापरतानाही उभाच. आडवा केलास की द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो.

जोडताना व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरच्या मधला वॉशर विसरू नकोस. गळती बहुतेक तिथेच असते. दाबाचा स्क्रू आधी पूर्ण सैल कर, गेजच्या समोरून बाजूला हो, मग व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण उघड. सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लाव. मग रात्रभराची परीक्षा: दाब भरून सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद कर. बिअर सगळा गॅस पिऊन झालेली असेल आणि तरीही सकाळी काटा पडलेला दिसला, तर कुठेतरी गळतंय. पाच गॅलनच्या एका केगला कार्बोनेशन (बिअरमध्ये गॅस मुरवणं) आणि ओतणं धरून साधारण 150 ते 200 ग्रॅम लागतात. पाच पौंडांत, म्हणजे 2.27 किलोत, दहाच्या आसपास केग निघायला हवेत. तीनात संपला तर गळतीच.

केगचं झाकण बसवायला सुरुवातीला 25-30 पीएसआय दे, झाकणावरच्या व्हॉल्व्हने तीन-चारदा हवा काढ, मग 3 अंशांना 12 पीएसआयवर आठ-दहा दिवस सोड. घाईने 30 वर ठेवून हलवणारे फेस पितात. झाकण उघडण्याआधी दाब पूर्ण सोड.

आता सिलिंडर तळघरात ठेवण्याचं. एलपीजीला मुद्दाम वास घालतात, याला वास नसतो. हा हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून खालीच साचतो. 2.27 किलो म्हणजे सव्वा हजार लिटरच्या आसपास गॅस. दहा बाय दहाच्या बंद खोलीत तो सगळा सुटला तर प्रमाण पाच टक्क्यांवर जातं, आणि अमेरिकेत 4 टक्के हीच जिवाला तात्काळ धोक्याची पातळी धरतात. छताखालचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म याला ओळखत नाही. कार्बन डायऑक्साइडचा मीटर वेगळा घे आणि खाली लाव. जिना उतरताना धाप लागली, नाकात सोड्यासारखं झोंबलं, तर मागे फिर. व्हॉल्व्ह बंद करायला धावू नकोस.

पुण्यात दादाकडे असाच संच लावायचं म्हणतोस, पण तिथे बिनपरवाना बिअर गाळणं 1949च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही. त्याच्या केगात थंड पाणी 30 पीएसआयवर ठेव आणि ग्लासात कोकमाचं आगळ घाल.

दुकानात जाशील तेव्हा दोन वॉशर जास्तीचे आण.

तुझा,
अभ्या