बाबांच्या वह्या

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा रात्री ‘द किलिंग फील्ड्स’ पाहिला आणि तेव्हापासून बाबा डोक्यातून जात नाहीत. फोनवर हे धड बोलून होणार नाही, म्हणून लिहिते आहे.

सिनेमा 1984चा, कंबोडियातल्या खऱ्या घटनांवरचा. सिडनी शॅनबर्ग ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा बातमीदार. डिथ प्रान त्याचा तिथला दुभाषा, वाटाड्या आणि स्वतःही पत्रकार. 17 एप्रिल 1975 ला ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांचे बंदूकधारी राजधानी नॉम पेन्हमध्ये शिरतात, या परदेशी बातमीदारांना पकडतात. प्रान हात जोडून विनवण्या करत राहतो आणि सगळ्यांचा जीव वाचवतो. पुढे फ्रेंच वकिलातीत आसरा मिळतो, पण कंबोडियन माणसाला तिथे राहता येणार नसतं. सोबतचे पत्रकार त्याच्यासाठी खोटा पासपोर्ट करायला घेतात. फोटो धुवायला नीट रसायनं नाहीत. चेहरा उमटतो, सगळ्यांच्या जिवात जीव येतो, आणि थोड्याच वेळात तो ओळखू येईनासा होतो. प्रानला बाहेर पडावं लागतं. शॅनबर्गला पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं तेव्हा प्रान शेतात राबत होता, शिकलेला आहे हे लपवून. शॅनबर्गने ते त्याच्याही वतीने स्वीकारलं, हे खरं. तरी मला ते पुरेसं वाटलं नाही.

प्रानचं काम करणारे हैंग न्गोर नट नव्हते, बायकांचे डॉक्टर होते. त्याच राजवटीतून जगून आलेले. बायको बाळंतपणात डोळ्यांदेखत गेली. आपण डॉक्टर आहोत हे उघड झालं असतं तर मरणच होतं, त्यामुळे काही करता आलं नाही. त्यांना ऑस्कर मिळालं. हे वाचल्यावर त्यांच्या चेहऱ्याला अभिनय म्हणवेना.

बाबा, 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत तुम्ही हेच केलंत. मुंबई-पुण्याच्या बातमीदारांना ढिगाऱ्यांतून फिरवलंत. कुठल्या माळवदाखाली कुणाचं घर होतं, कोण अजून सापडलेलं नाही, हे तालुक्याच्या वार्ताहरालाच ठाऊक. बातम्या त्यांच्या नावाने छापून आल्या. तुम्ही कधी तक्रार केली नाहीत, पण मला ते आजही खुपतं. ते दोन दिवसांनी परत गेले, तुम्हाला मात्र त्याच माणसांत राहायचं होतं.

आणि आई, प्रानची बायको-मुलं आधीच हेलिकॉप्टरने बाहेर पडली होती. तो 1979 मध्ये सुटेपर्यंत ती वाट पाहत राहिली. तू तर तिथेच होतीस. बाबांचे कपडे परसात वेगळ्या बादलीत भिजवायचीस आणि आम्हाला जवळ येऊ द्यायची नाहीस. काय वास होता ते मला फार उशिरा कळलं.

दिवाळीत येते तेव्हा ट्रंकेतल्या त्या वह्या काढून ठेवा. सगळ्या टाइप करायच्या आहेत, बाबांच्या नावानिशी. आई, तुझंही सांगणं त्यात हवं. सिनेमा पेनड्राइव्हवर आणते. उत्तरार्ध जड आहे, बाबांचं बीपी बघून दोन दिवसांत मिळून पाहू.

तुमची,
माई