चिपळूण ते कुर्ला शून्य रुपये; पुढे विमानतळापर्यंत काय?

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी कुर्ला पूर्वेला नेहरूनगरमध्ये राहतो. माझे वय ७६ आहे. घरापासून एसटीचे आगार चालत पाच मिनिटांवर असल्यामुळे कोकणातून आणि घाटावरून पहाटे येणाऱ्या गाड्यांतून कोण उतरते आणि उतरल्यावर कुठे जाते, हे मी सकाळी फिरायला निघालो की रोज पाहतो. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवे दृश्य दिसू लागले आहे. डोक्याला मफलर गुंडाळलेले आजोबा किंवा अंगावर शाल घेतलेली आजी, हातात मुलाने किंवा मुलीने घेऊन दिलेली चाकांची नवी बॅग, आणि पहिल्या दिसेल त्या माणसाला विचारलेला एकच प्रश्न : "विमानतळाला कसं जायचं?" तो प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचावा, म्हणून हे पत्र.

प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो, आणि ती मनापासून आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात अमृत ज्येष्ठ नागरिक योजना सुरू झाली आणि ७५ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला. ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आहे. या योजनेने आमच्या पिढीसाठी काय केले, हे आकड्यांत सांगता येणार नाही. गावच्या घराची कौले शाकारायची म्हणून, भाचीच्या बारशाला म्हणून, कधी नुसतेच जत्रेला म्हणून आम्ही पुन्हा घराबाहेर पडू लागलो. तिकिटासाठी मुलापुढे हात पसरावा लागत नाही, एवढ्याने माणूस किती मोकळा होतो, हे त्या वयात गेल्याशिवाय कळत नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, ८१ वर्षांची आहे आणि चिपळूणला एकटी राहते. तिची मुलगी बंगळूरला असते. नातवाची मुंज ठरली आणि मुलीने विमानाचे तिकीट काढून पाठवले. रेल्वेने इतका लांबचा प्रवास तिच्या गुडघ्यांना आता झेपत नाही. विमान सकाळी साडेनऊचे होते. अक्का रात्रीच्या एसटीने निघाली आणि पहाटे पाचच्या सुमारास नेहरूनगरला उतरली. मी तिला घ्यायला गेलो होतो. तिने कमरेची पिशवी उघडून मला तिकीट दाखवले. यंत्रातून निघालेला तो छोटा कागद, त्यावर चिपळूण, मुंबई आणि रकमेच्या जागी शून्य. आधारकार्ड तिने प्लास्टिकच्या पाकिटात घालून काळ्या दोरीने गळ्यात अडकवले होते, कारण रात्री गाडीत वाहकाला दाखवायला शोधाशोध नको. जवळ एक चाकांची बॅग आणि एक कापडी पिशवी. पिशवीत आमसुले, कुळथाचे पीठ आणि पोह्याचे पापड, तोंड नाडीने घट्ट बांधलेले.

आगारातून मुंबई विमानतळाच्या सहार येथील टर्मिनल दोनपर्यंतचे अंतर आठ-नऊ किलोमीटर असेल. तेथे कमी खर्चात जायचे, तर आधी कुर्ला स्थानक गाठायचे, पूल चढून उतरून पश्चिमेला यायचे, तेथून अंधेरीकडे जाणारी बस पकडून मरोळ नाक्याला उतरायचे आणि पुढे सहार रस्त्याने टर्मिनलपर्यंत जाण्याची आणखी काही तजवीज करायची. विशीतल्या मुलाला हे अवघड नाही. पण ८१ वर्षांची बाई, दोन नग सामान, आणि पुलाच्या पायऱ्या. आम्ही रिक्षाकडे वळलो. पहिले दोघे नाही म्हणाले, तिसऱ्याने मीटर न टाकता तीनशे रुपये सांगितले. अक्का क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "चिपळूणहून इथवर एक पै लागली नाही, आणि इथून तिथवर तीनशे?" मी पैसे दिले. तिला ते आवडले नाही. टर्मिनल येईपर्यंत ती गप्प होती.

महोदय, अक्काच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी तो आपल्याकडे आणला आहे. सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास शासन आपल्या खांद्यावर घेते आणि शेवटचा आठ-नऊ किलोमीटरचा तुकडा, जो वृद्ध माणसाला सर्वांत कठीण जातो, तो सोडून देते. कारण सरळ आहे : ही सवलत एसटीच्या गाडीपुरती आहे, शहरातल्या बसला ती लागू नाही. कागदावर ही रेषा स्पष्ट आहे. प्रवास करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र चिपळूण ते विमानतळ हा एकच प्रवास आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो माझ्या शेजाऱ्यांनीही घेतला : ज्याला विमानाचे तिकीट परवडते त्याला बस मोफत कशाला? हा आक्षेप ज्येष्ठांच्या घरातला व्यवहार न पाहता घेतला जातो. विमानाचे तिकीट मुले काढतात, आपल्या मोबाइलवरून, आपल्या पगारातून. आई-वडिलांच्या कनवटीला असतात ते त्यांचे स्वतःचे पैसे. अक्काचे यजमान खेर्डीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ पासून किमान रक्कम महिना १००० रुपये आहे, आणि अक्काला मिळते ते दीड हजारांच्या आतच. एका पहाटेच्या रिक्षाने त्यातला पाचवा हिस्सा नेला असता. मुलीला फोन करून "रिक्षाचेही पाठव" असे सांगायला तिची जीभ रेटली नसती, हे मी तिला लहानपणापासून ओळखतो म्हणून खात्रीने सांगतो.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. मुंबईत ९ मे २०२५ ची भाडेवाढ धरूनही बेस्टचे किमान भाडे साध्या बसला १० रुपये आणि वातानुकूलित बसला १२ रुपये आहे. एवढ्या रकमेसाठी पत्र कशाला, असे कोणी विचारील. खरेच, दहा रुपयांनी अक्का अडली नव्हती. ती अडली, कारण तिच्या प्रवासाचा हा भाग कोणाच्याच हिशेबात नव्हता. एसटी शून्य रकमेचे तिकीट देते तेव्हा त्याची प्रतिपूर्ती, म्हणजे न घेतलेल्या भाड्याची भरपाई, शासन एसटी महामंडळाला करते. म्हणजे तो प्रवास कोठेतरी मोजला जातो, किती ज्येष्ठ कोठून कोठे गेले हे दिसते आणि त्यावरून गाडी सोडता येते. हेच शून्य रकमेचे तिकीट त्या दिवसापुरते विमानतळाकडे जाणाऱ्या शहर बसमध्ये ग्राह्य धरले, तर पहाटे पाच वाजता नेहरूनगरला, परळला, बोरिवलीला, पनवेलला उतरून विमानतळ गाठणारे किती ज्येष्ठ आहेत, हे शासनाला प्रथमच कळेल. दहा रुपयांच्या माफीपेक्षा मला त्या मोजणीची किंमत जास्त वाटते.

माझा पुतण्या इंग्लंडमध्ये असतो. तेथील व्यवस्था त्याच्याकडून समजून घेतली तेव्हा मला आश्चर्य वाटले, कारण ती आपल्या नेमकी उलट आहे. तेथे १ एप्रिल २००८ पासून ठरावीक वयानंतर देशभरातल्या स्थानिक बसमध्ये पास दाखवून मोफत जाता येते. आसन राखून ठेवाव्या लागणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना तो पास चालत नाही. विमानतळाकडे जाणारी बस साधी स्थानिक बस असेल, तर तेथील वृद्ध तोच पास दाखवून विमानतळावर उतरतात. मात्र सोमवार ते शुक्रवार हा हक्क सकाळी साडेनऊनंतरचा आहे, त्यामुळे सकाळच्या विमानाला तो सहसा उपयोगी पडत नाही. आपल्या योजनेत वेळेची अशी अट नाही, ही आपली उजवी बाजू आहे, आणि ती तशीच राहावी. इतक्या दूरही जायला नको : चेन्नईत २०१६ पासून ६० वर्षांवरील रहिवाशांना शहर बससाठी महिन्याला दहा टोकन मोफत मिळतात. मुंबईसारख्या शहरात ज्येष्ठांसाठी अशी मर्यादित सोय करणे अशक्य आहे, असे मला वाटत नाही.

बेस्ट ही महापालिकेची आहे, नवी मुंबईची परिवहन सेवा तेथील महापालिकेची आहे, आणि आपण त्यांना थेट आदेश देऊ शकत नाही, याची मला कल्पना आहे. पण भाड्याच्या बाबतीत या सर्व सेवा एकाच ठिकाणी येतात. बेस्टच्या भाड्याला मंजुरी देते ते मुंबई महानगर क्षेत्र परिवहन प्राधिकरण, आणि त्याचे अध्यक्षपद परिवहन खात्याच्या सचिवांकडे असते. एसटीला जशी प्रतिपूर्ती होते, तशीच विमानतळ मार्गांपुरती या सेवांना करावी, असा प्रस्ताव आपल्या खात्यातून निघू शकतो. मार्ग थोडे आहेत, प्रवासी मोजके आहेत आणि आधारकार्डाची तपासणी वाहकांना सवयीची आहे.

गाडी कोठपर्यंत जाते, हा भाग मला सवलतीइतकाच महत्त्वाचा वाटतो. टर्मिनल दोन २०१४ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी पश्चिम द्रुतगती महामार्गावरून थेट त्याच्या दारात नेणारा सहारचा उन्नत रस्ताही खुला झाला. प्रस्थान वरच्या मजल्यावर आहे. मोटारीने येणारा माणूस दारात उतरतो. बसने येणाऱ्या वृद्धालाही उतरल्यावर सामान ओढत चढण चढावी लागू नये, त्याला उद्वाहकाच्या (लिफ्टच्या) जवळ उतरता यावे, तेथे बसायला बाक असावा आणि मराठीत ठळक फलक असावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो तीन आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावू लागली आणि दोन्ही टर्मिनलना तिची स्थानके मिळाली, ही फार मोठी सोय आहे. परंतु कुर्ला पूर्वेत उतरणाऱ्याला ती थेट उपयोगाची नाही, आणि पहाटेच्या विमानाला तर मेट्रो सुरू होण्याआधीच पोहोचावे लागते.

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली आहेत. येथे आपल्या हातात फार मोठी संधी आहे. रत्नागिरी, चिपळूण, महाड, अलिबाग, सातारा, पुणे या सर्व बाजूंनी मुंबईकडे येणाऱ्या एसटीच्या गाड्या पनवेलच्या आसपास एकत्र येतात. त्यांतल्या ठरावीक गाड्या विमानतळाच्या आवारात नेऊन मग पुढे सोडल्या, तर गावाकडच्या ज्येष्ठांना मुंबईत शिरायचीही गरज उरणार नाही. तेथे शहर बसचा प्रश्नच येत नाही. अमृत योजनेचे तेच शून्य रकमेचे तिकीट त्यांना टर्मिनलच्या दारात सोडील. विमानांची संख्या वाढत जाईल तसे तेथील रस्ते आणि थांबे पक्के होत जातील, आणि एकदा मोटारींना दिलेली जागा बसला परत मिळत नाही, हे आपण मुंबईत अनेकदा पाहिले आहे. म्हणून हा निर्णय आत्ताच व्हावा, अशी कळकळीची विनंती आहे. "रस्ता तिथे एसटी" हे वाक्य ऐकत आमची पिढी मोठी झाली.

सामानाबद्दलही लिहितो, कारण वाद तेथे होतात. विमानाला जाणाऱ्याजवळ बॅग असणारच. ती बसमध्ये कोठे ठेवायची, तिला पैसे पडतात का आणि किती, हे गाडीत चढण्यापूर्वी वाचता येईल असे लिहिलेले असावे. वाहकालाही त्यामुळे रोज नव्या प्रवाशाशी नव्याने बोलावे लागणार नाही.

टर्मिनलच्या दारात अक्काने विमानाचे तिकीट आणि गळ्यातले आधारकार्ड सुरक्षा रक्षकापुढे धरले. त्याने ते पाहून तिला हात जोडले आणि आत सोडले. मला आत जाता येत नव्हते. काचेपलीकडे ती बॅग ढकलत जाताना मला दिसत होती, आणि तिच्या दुसऱ्या हातात रात्रीचे ते एसटीचे तिकीट तसेच होते.

ती २६ फेब्रुवारीला परत येत आहे. विमान संध्याकाळी उतरते आणि तिला रात्रीची चिपळूणची गाडी गाठायची आहे. काल फोनवर तिने मला विचारले, "तिथून नेहरूनगरला बस कुठून सुटते, एवढं विचारून ठेव. रिक्षाला तू पैसे द्यायचे नाहीस." मी तिला दोन दिवसांत सांगतो म्हणालो आहे.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ नागरिक
नेहरूनगर, कुर्ला (पूर्व), मुंबई
जानेवारी २०२६