तक्रार : बंपर-पुल मागितला होता, तुम्ही गूजनेक गळ्यात मारलात

प्रति,
मॅनेजर साहेब, सेल्स आणि सर्व्हिस

साहेब नमस्कार,

फोनवर तुमची माणसं "बघतो, कळवतो" च्या पुढे जातच नाहीत म्हणून आता लिहूनच पाठवतोय. जरा लांबलंय पण पूर्ण वाचा, कारण शेवटी जे मागितलंय ते घेतल्याशिवाय मी काही गप्प बसणार नाही.

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत आमच्या शेडवर तुम्ही जो बंद बॉडीचा गूजनेक कार ट्रेलर, म्हणजे ज्याचं नाक पिकअपच्या हौद्यातल्या बॉलवर बसतं तसला, आणून उभा केलात तो माझ्या पिकअपला चालत नाही. म्हणजे जोडता येतो, ओढताही येतो, पण वळवता येत नाही आणि वजनाला झेपत नाही, मग त्याचं करायचं काय. आणि ही सगळी माहिती ऑर्डर द्यायच्या आधी तुमच्याकडे होती, मी स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवर दिली होती, गाडी कुठली, पिकअप कुठली, पेलोड किती म्हणजे पिकअपला वजन किती झेपतं, मागच्या हौद्याला टेप लावून काढलेला फोटोसुद्धा, त्यात पाच फुटांचा आकडा अगदी स्पष्ट दिसतोय. त्यावर तुमच्या सेल्सवाल्या भाईंनी अंगठा पाठवला. तो अंगठा अजून आहे माझ्या मोबाइलमध्ये.

गाडी म्हणजे वडिलांची प्रीमियर पद्मिनी. वजन ९०० किलोच्या आसपास, लांबी जेमतेम १३ फूट. लक्ष्मीविलास पॅलेसला २०२३ च्या जानेवारीत जुन्या गाड्यांचा मोठा शो झाला होता, तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनाच बाहेरगावच्या शोला गाडी न्यायची हौस लागली आहे, पण हायवेवर उघड्या ट्रेलरवर नेली की पुढच्या ट्रकच्या चाकाखालचे खडे येतात, आणि पावसाळ्यात तर ताडपत्री फडफडून फडफडून पेंटची वाट लावते. म्हणून बंद ट्रेलर. एकच गाडी न्यायची, बरोबर थोडा टूलबॉक्स, एक जॅक, स्टेपनी, बस. यासाठी मी बंपर-पुल मागितला होता, सोळा-अठरा फुटी, मागे चेसिसला हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायची जोडणी, बसवून ओढायचा.

मग तुमचे भाई म्हणे, "साहेब गूजनेक घ्या, अमेरिकेत सगळे हेच वापरतात, बंपर-पुल शेपटीसारखा डुलतो, तुमची गाडी उलटेल." एक व्हिडिओ पण पाठवला, एक ट्रेलर हायवेवर डावीकडे उजवीकडे करत करत शेवटी आडवा होतो तो. घरात बायकोने पण बघितला, मग काय, झालं. मी तरी दोनदा विचारलं की माझा हौदा छोटा आहे, चालेल ना, तर उत्तर आलं "आम्ही अ‍ॅडजस्ट करून देऊ". अ‍ॅडजस्ट म्हणजे काय ते डिलिव्हरीच्या दिवशी कळलं, तुमच्या फिटरने हौद्याच्या फरशीला भोकं पाडून बॉल बसवला आणि चहा पिऊन गेला.

आता गूजनेक वाईट असं मी म्हणतच नाही, उलट ज्याच्याकडे तसा पिकअप आहे त्याने तोच घ्यावा. बॉल हौद्यात मागच्या एक्सलच्या वर किंवा जरा पुढे येतो, त्यामुळे ट्रेलर डुलत नाही, जागेवर वळतो, वजनही जास्त घेतो. दोन-तीन गाड्या, तीस-चाळीस फुटी ट्रेलर, रोजचं काम, अशांसाठी ते बरोबरच आहे. पण तिकडे तो जोडतात कशाला? फोर्ड एफ-२५०, एफ-३५०, रॅम २५०० असल्या धूड पिकअपना, ज्यांचा हौदाच साडेसहा ते आठ फुटांचा असतो. आणि एकच गाडी न्यायची असेल तर तिकडेही कितीतरी लोक बंपर-पुलच घेतात. हे तुमच्या भाईंना माहीत नसेल असं मला वाटत नाही, गूजनेक महाग जातो एवढंच त्यांना जास्त माहीत असावं.

वजनाचं बघा. गूजनेकमध्ये भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी २० ते २५ टक्के वजन पिकअपच्या पाठीवर बसतं, बंपर-पुलमध्ये १० ते १५ टक्के. तुमच्या कोटेशनमध्ये रिकाम्या ट्रेलरचं वजन १६०० किलो लिहिलंय, आणि ट्रेलरच्या नाकावर जी पत्र्याची प्लेट रिबिट केली आहे तिच्यावर २१०० पंच केलंय. हे ५०० किलो कुठून आले ते आधी सांगा. २१०० मध्ये पद्मिनी धरली की ३०००, म्हणजे हौद्यावर ६०० ते ७५० किलो. माझ्या पिकअपची पेलोड पाचशेच्या आसपास आहे, त्यातही मी आणि अजून एक माणूस बसणार, डिझेल, सामान वेगळंच. लहान पोराच्या डोक्यावर गव्हाचं पोतं ठेवल्यासारखं झालं हे. गाडी आत चढवल्यावर मागचे पाटे एवढे बसले की हेडलाइट समोरच्या शेडच्या पत्र्यावर पडत होते. हेच बंपर-पुल असता, १३०० किलोचा धरा, पद्मिनी मिळून २२००, तर हिचवर २२० ते ३३० किलो आले असते, आरामात.

आणि वळण. हे तर तुम्ही येऊन डोळ्याने बघा. मी रस्त्यावर काढलाच नाही, पासिंग झालेलं नाही म्हणून आमच्याच आवारात हळूहळू चालवून बघत होतो. गेटकडे डावीकडे स्टेअरिंग तोडलं आणि मागून कर्रर्र असा आवाज. उतरून बघतो तर ट्रेलरच्या नाकाचा कोपरा केबिनच्या मागच्या कोपऱ्यात रुतलेला, ड्रायव्हरच्या मागे, काचेच्या रबरापासून दोन बोटांवर. पत्रा आत गेलाय, तुमचा पांढरा रंग माझ्या ग्रे रंगावर लागलाय, आणि रबर एका ठिकाणी चिरलंय. दोन बोटं अजून गेला असता तर काच माझ्या मानेवर. हौदा छोटा असला की बॉल केबिनच्या जवळ येतो आणि जास्त वळलं की हे होणारच, यात माझ्या ड्रायव्हिंगचा काही संबंध नाही. यासाठी ट्रेलर थोडा मागे ठेवणारे ऑफसेट कपलर मिळतात, तुम्ही तेही लावलं नाही, मला सांगितलंही नाही. शिवाय गूजनेकची मागची चाकं वळताना आतून कापतात, त्यामुळे गेटच्या खांबाचं प्लास्टर पण गेलं, ते मी तुमच्यावर घालत नाही, पण कळावं म्हणून लिहितोय.

राहिला तो डुलण्याचा मुद्दा, ज्यावर तुम्ही हा ट्रेलर विकलात. बंपर-पुल डुलतो तो बहुतेक वेळा वजन मागे पडल्यामुळे, ट्रेलरच्या पुढच्या, हिचला अडकणाऱ्या दांडीवर १० टक्क्यांपेक्षा कमी वजन आलं की शेपटी हलायला लागते. गाडी पुढे सरकवून बांधायची, साधारण ६० टक्के वजन ट्रेलरच्या एक्सलच्या पुढे येईल अशी. पद्मिनीचं इंजिन पुढे आहे, सरळ तोंड आत करून चढवली की अर्धं काम तिथेच होतं. वर वजन पुढच्या चाकांवरही वाटणारी वेट डिस्ट्रिब्यूशन हिच आणि डुलणं रोखणारा स्वे कंट्रोल बार लावा, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक द्या, आणि ऐंशीच्या वर पळवू नका. बंद बॉडी आहे, बाजूने वारा खाणार, मोठा कंटेनर शेजारून गेला की धक्का बसणार, हे मला मान्य आहे, पण त्याला उपाय आहेत. हौदा पाचाचा सात फूट करायला काय उपाय आहे ते सांगा.

ब्रेकवरून आठवलं. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत असं ब्रोशरमध्ये आहे, ड्रम आहेतही, पण केबिनमध्ये ते ब्रेक चालवणारा कंट्रोलरच बसवला नाही, वायर हौद्यात गुंडाळून टेप मारून ठेवली आहे. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा जो ब्रेकअवे स्विच असतो त्याची केबल नाही. सेफ्टी चेन दोन पाहिजेत, एकच आहे. आणि आत गाडी चढवली की ड्रायव्हरचं दार उघडायला जागा नाही, साइडला एस्केप डोअर कोटेशनमध्ये लिहिलंय, भिंतीला मात्र नुसता पत्रा. आमचा मुलगा बारीक आहे म्हणून खिडकीतून बाहेर आला, मी असतो तर आतच जेवण मागवावं लागलं असतं.

आता कागद. तुमच्या बिलावर नुसतं "ट्रेलर" लिहिलंय. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम २ मध्ये ट्रेलर वेगळा आणि सेमी-ट्रेलर वेगळा. ज्याचा काही भाग ओढणाऱ्या गाडीच्या वर येतो आणि ज्याच्या वजनाचा भाग ती गाडी पेलते तो सेमी-ट्रेलर, २(३९), आणि ट्रेलरच्या व्याख्येतून, २(४६) मधून, सेमी-ट्रेलर सरळ वगळलाय. तुम्ही दिलेली वस्तू कशात बसते ते वाचून बघा. उद्या आरटीओत मी हा कागद घेऊन गेलो आणि तिथे विचारलं की कागदावर एक आणि दारात दुसरंच, तर धावपळ माझी. रजिस्ट्रेशनचं सगळं आम्ही बघू असं तुम्हीच म्हणाला होता, त्याचाही अजून पत्ता नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. हा गूजनेक तुमच्या खर्चाने परत न्या आणि त्याजागी सोळा किंवा अठरा फुटी बंद बंपर-पुल द्या, हिच चेसिसला बोल्ट करून, बंपरच्या पट्टीला नाही, ब्रेक कंट्रोलर, ब्रेकअवे स्विच, दोन चेन आणि एस्केप डोअरसकट, आणि किमतीत जो फरक आहे तो परत करा. ते जमत नसेल तर पूर्ण पैसे परत. दोन्हीपैकी काहीही करा, केबिनचा डेंट-पेंट, ते रबर आणि हौद्याची भोकं बुजवायचा खर्च वेगळा, गॅरेजचं एस्टिमेट जोडलंय. "थोडं नाक कापून देतो" हा जो पर्याय तुमचा फिटर फोनवर सुचवत होता तो मला नको, गूजनेकचं सगळं वजन त्याच नाकावर येतं, तिथे कटर आणि वेल्डिंग मला चालणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. नाही आलं तर आधी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला नोंदवतो आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जातो. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे तारखांना मला तुमच्या गावी यायची गरज नाही, तुम्हालाच बडोद्याला यावं लागेल. फोटो, चॅट, कोटेशन, बिल आणि त्या प्लेटचा फोटो सोबत आहे.

उचलायला माणसं पाठवाल तेव्हा ओढायला गाडी पण तुमचीच आणा, मोठ्या हौद्याची, माझ्या पिकअपला तो परत जोडू देणार नाही. आणि सकाळी अकराच्या आत या, नंतर आमच्या गल्लीत माल उतरवणाऱ्या ट्रकांची लाइन लागते, मग एवढं मोठं धूड बाहेर निघणार नाही.

तुमचा ग्राहक
मकरपुरा, बडोदा