काजूने खाल्लेले ठसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाचा अग्रलेख काल वाचला. (आमच्याकडे आपला अंक दुपारच्या एसटीने येतो आणि परवा एसटीच आली नाही.) ग्रामीण भागाने आता 'डिजिटल मानसिकता' अंगी बाणवायला हवी, हे वाक्य मी दोनदा वाचलं. एकदा स्वतःला कळावं म्हणून, एकदा शेजारच्या काकींना ऐकवावं म्हणून. काकींनी विचारलं, "ती रेशनवर मिळते काय?"

काकी सदुसष्ट वर्षांच्या. काजू फोडण्यात जन्म गेला. टरफलातलं तेल कातडी जाळतं, हे अग्रलेख लिहिणाऱ्यांना ठाऊक असेलच. गर तर सगळेच खातात. हाताला तेल चोळा, राख लावा, बोटांची टोकं काळी पडतातच. मग सालं निघतात आणि खाली उरतं ते गुळगुळीत. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनला असला अंगठा पटत नाही. गेल्या महिन्यात काकींनी दहाही बोटं लावून पाहिली. पदराला पुसून, साबणाने धुऊन, कुणी सांगितलं म्हणून लिंबू चोळून. अंगठा लागेना, पावती निघेना.

मग ओटीपी. तो जातो नालासोपाऱ्याला, कारण आधारला नंबर मुलाचा. मुलगा तेव्हा लोकलमध्ये लटकलेला. त्याने फोन उचलला तोवर इथली रेंज गेली. दुकानदार बिचारा मशीन काखेत मारून सड्यावर (गावावरच्या कातळाच्या माळावर) चढला, पोचेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं म्हणतात. काकींना त्यासाठी तीन खेपा पडल्या आणि पिशवी रिकामीच आली.

शेवटी मीच त्यांना दापोलीला आधार केंद्रावर घेऊन गेलो. दोन तास रांग. तिथल्या मुलाने काकींचे हात उलटसुलट करून पाहिले आणि अगदी अदबीने म्हणाला, "आजी, पंधरा दिवस काजूला हात लावू नका. ठसे येतील परत. मग या."

संपादक महाराज, हे पत्र त्या वाक्यासाठी आहे. मुलगा वाईट नव्हता. सल्लाही बहुधा बरोबरच असेल. पण पंधरा दिवसांची मजुरी कोण देणार, हे त्याला सुचलं नाही आणि त्याच्या खुर्चीवर बसून मलाही सुचलं नसतं. काकी काहीच बोलल्या नाहीत. परतीच्या एसटीत साऱ्या वाटेने हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या, चोरी पकडली गेल्यासारख्या. चाळीस वर्षं कष्ट केलेला हात, आणि तोच लपवायचा! हर्णैच्या बंदरावर बर्फात हात घालून मासळी निवडणाऱ्या बायकांना विचारा, त्याही हेच सांगतील.

बरं, कायदा काकींच्या बाजूचा आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवून ठेवलंय की ठसा जुळला नाही एवढ्या कारणाने पात्र माणसाला लाभ नाकारला जाऊ नये. त्या बातमीचं कात्रण माझ्याकडे आहे. ते घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदाराने ते नीट वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "गुरुजी, हे मशीनला दाखवा."

त्याचंही खोटं नाही. वहीवर लिहून धान्य दिलं तर त्याचा हिशेब जुळायचा नाही. पण ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ आलं, टॉवर आडवे झाले, वीज कित्येक दिवस नव्हती, तेव्हा याच दुकानात याच माणसाने वहीवरच धान्य दिलं होतं. कुणाचं बुडालं? गावात कोण कुणाची कोण लागते हे त्याला आजही तोंडपाठ आहे. काकींच्या लग्नातल्या पंगतीत तो बुंदी वाढत होता! पण ओळख पटवायची ती मशीनने.

मी यंत्रांचा द्वेष्टा आहे असं समजू नका. माझा हयातीचा दाखला मी गेल्या नोव्हेंबरात घरबसल्या मोबाइलवर दिला, चेहरा दाखवून. छान झालं. पण माझे हात खडूचे, काजूचे नव्हेत. आणि दाखला अडला असता तर पेन्शन थोडी उशिरा आली असती, चूल विझली नसती. यंत्र चुकलं की दंड कुणी भरायचा, याबद्दल अग्रलेखात एक ओळ सापडली नाही. मानसिकतेवर मात्र दोन कॉलम.

आता आलोच आहे तर आपलंही एक सांगतो. वाचकांची पत्रं यापुढे फक्त ई-मेलने स्वीकारली जातील, असं आपण चौकटीत छापलंय. त्यामुळे हे पत्र शेजारच्या मुलाने टाइप केलं आणि पाठवायला तो सड्यावर गेला. जाताना पाऊस होता. शिवाय रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर बघायला आता तो चौकोनी ठिपक्यांचा कोड मोबाइलने टिपायचा म्हणे. अंकाचे पैसे मी पूर्ण मोजतो. गेल्या रविवारचं उभे अकरा, चार अक्षरी, शेवटचं 'ळ', तेवढं कृपा करून कागदावर छापावं.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. दापोली, जि. रत्नागिरी