ब्रह्मपुरीची खापरं कुंभाराच्या हाती द्या: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई

स.न.वि.वि.

आमच्या कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पोसायडनची एक लहानशी ब्राँझमूर्ती आहे. हा ग्रीकांचा समुद्रदेव सापडला तो पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्राचीन भारतीय बौद्ध कलेचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तो तिथेही जाऊन आला. टाउन हॉलच्या बागेत रोज फिरणाऱ्या किती कोल्हापूरकरांनी आत जाऊन त्याला पाहिलंय, हे मात्र विचारू नका.

पण हे पत्र पोसायडनसाठी नाही. त्याच टेकडीतल्या खापरांसाठी आहे.

१९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया आणि डॉ. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचं उत्खनन केलं. खाली सातवाहनकालीन विटांची घरं, नाणी, मातीच्या मूर्ती; वर बहामनी काळातल्या काचेच्या बांगड्या. आणि सगळ्या थरांत खापरंच खापरं. उत्खननात सर्वांत जास्त हाती लागतं ते खापर, आणि संग्रहालयात लोक सर्वांत कमी थांबतात तेही खापरापुढेच.

खापराचं रेखाटन हे मोठं शिस्तीचं काम असतं. काठाचा तुकडा हाती असला की त्याच्या वळणावरून भांड्याच्या तोंडाचा व्यास काढतात. मग मध्यरेषा ओढून एका बाजूला भांड्याचा काप दाखवतात, दुसऱ्या बाजूला बाहेरचा आकार. सावली नाही, नखरा नाही. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला रेषेवरचा असा संयम शिकवणारी दुसरी शाळा मला माहीत नाही. आणि हेच खापर गंगावेशीतल्या कुंभाराच्या हातात दिलं तर तो वेगळंच बोलेल: चाकावर काढलंय की थापून वाढवलंय, आवा (भट्टी) नीट तापला होता की नाही, बोट कुठे थांबलं. पुरातत्त्वज्ञाला थर कळतो, कुंभाराला हात कळतो. गावात दोघंही आहेत, पण त्यांना एका टेबलाशी बसवणारी योजना नाही.

म्हणून मागणी अशी. पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाने टाउन हॉलमध्ये कलाकार निवास योजना सुरू करावी, म्हणजे कलाकारांनी काही काळ संग्रहालयातच मुक्काम ठोकून तिथल्या वस्तूंवरून काम करायचं. तीन-चार जण, तीन महिने, मानधनासह: एखादा चित्रकार, एखादी शिल्पकार, आणि एक कुंभार असायलाच हवा. कुंभार पाहुणा किंवा प्रात्यक्षिक दाखवणारा म्हणून नको, बाकीच्यांइतक्याच मानधनाचा कलाकार म्हणून. त्यांना कपाटं उघडी करून मिळावीत, सोबत पुरातत्त्वाचा जाणकार असावा आणि तयार झालेलं काम कोल्हापुरातच राहावं.

जगात हे नवं नाही. मार्क डायन या अमेरिकी कलाकाराने १९९९ मध्ये स्वयंसेवकांना घेऊन लंडनला थेम्सच्या काठावरच्या वस्तू गोळा केल्या, धुतल्या, वर्गवारी करून कपाटात मांडल्या. मातीच्या चिलमी आणि प्लॅस्टिकचा कचरा एकाच कपाटात! पंचगंगेच्या काठाला असं कपाट लावलं तर त्यात काय काय निघेल, या विचाराने हसूही येतं आणि लाजही वाटते.

एक अट मात्र कलाकारांनाही असावी. सातवाहन घराचं चित्र काढायचं तर पुराव्यातलं ते सलग रेषेत, अंदाजाने भरलेलं ते तुटक रेषेत. नाहीतर आपल्याकडे कल्पनाचित्राचा इतिहास व्हायला वेळ लागत नाही. आणि संरक्षित वास्तूला खिळा, रंग, दिव्यांची माळ काही लागता कामा नये.

२०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. आनंद आहे. पण आता निधी येईल आणि त्यातून ध्वनिप्रकाश खेळ, कमान आणि सेल्फी पॉइंट उभा राहील, अशी भीतीही आहे. त्या निधीतला लहानसा वाटा या योजनेला पुरेल. शाहू महाराजांनी चित्रकार आबालाल रहिमान यांना दरबारात आश्रय दिला, तेव्हा त्यांच्याकडून कमानी रंगवून घेतल्या नाहीत. आबालाल रंकाळ्याच्या काठी बसून चित्रं काढत राहिले. निवास योजनेतही तेवढी मोकळीक हवी. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी फीत कापायला काहीच नसेल, हे मंत्रालयाला आधीच मान्य असावं.

निवड करताना शिफारसपत्रं मागू नयेत. अर्ज मराठीत असावा आणि ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगितलेलाही चालावा.

सुरुवात ब्रह्मपुरीपासूनच करा, पन्हाळ्याचं नंतर पाहू. फक्त तारखा ठरवताना मुंबईचं कॅलेंडर बघू नका. पावसाळाभर कुंभार गल्ल्यांत गणपतीचं काम असतं, त्यानंतर पणत्यांचं. दिवाळी झाल्यावर बोलावलंत, तरच कुंभार येईल.

आपला,
कोल्हापुरातला एक चित्रकला शिक्षक